शातेत आहेस ना

वास गोड होता, म्हणून जिगीषाला बरेच दिवस तो वास वाटलाच नाही. पंक्तीच्या खोलीत शिरलं की जास्त पिकलेल्या चिकूसारखं काहीतरी नाकाला लागायचं, आणि ती मनाशी म्हणायची, मुलीने कुठलंसं अत्तर आणलेलं दिसतंय, वयच आहे. पर्युषण तोंडावर आलं होतं, घराची झाडलोट चालली होती. पंक्ती शाळेत गेल्यावर ती स्टुलावर चढली, कपाटाच्या वरच्या खणात गोधड्यांच्या मागे हात घातला, आणि हाताला काहीतरी मऊ लागलं. मऊ आणि ऊबदार. ती ऊबच नंतर विसरता येईना. आजूबाजूला सगळं गार असताना कुणीतरी आत श्वास घेत असल्यासारखी ती पिशवी ऊबदार होती. साड्यांच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी, तोंडाला केसाचं रबर गुंडाळलेलं. तिने रबर काढलं. आत थेपले होते, रोटल्या होत्या, खाखऱ्याचे तुकडे, मुगाचा शिरा, आणि या सगळ्याचं मिळून आता एकच काहीतरी झालेलं होतं, काळपट, ओलं, आणि त्याच्यावर पांढरं, बारीक, हलणारं. असंख्य. ती स्टुलावरून कशी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. बेसिनशी जाऊन ओकली. तोंड धुऊन मान वर केली तर आरशात मागे सासूबाई उभ्या.

बांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि छातीशी हात नेला. "अरेरे, केवढे जीव," त्या म्हणाल्या. मग त्या एकदम कामाला लागल्या. उन्हात टाकायचं नाही, पाण्यात सोडायचं नाही, कचऱ्याच्या डब्यात तर नाहीच, चिरडून मरतील. सावलीत, मातीवर, हलक्या हाताने ओतायचं आणि पुंजणीने पिशवी झाडून घ्यायची. लोकरीच्या मऊ धाग्यांची पुंजणी त्यांनी स्वतः आणून तिच्या हातात दिली. घरात एवढी उत्पत्ती झाली याचं प्रायश्चित्त महाराज साहेबांना विचारून घ्यावं लागेल, असं पुटपुटत त्या आंघोळीचं पाणी तापवायला गेल्या. पिशवी तिथे कशी आली हे त्यांनी विचारलं नाही. जिगीषानेही विचारलं नाही. जिन्याने उतरताना तिच्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की लिफ्टने गेले असते तर कुणीतरी भेटलं असतं.

सोसायटीच्या मागे, जनरेटरच्या खोलीपलीकडे कण्हेरीखाली ती उकिडवी बसली आणि पदराने नाक दाबून पिशवी हळूहळू कलती करू लागली. एकही जीव दुखावता कामा नये. लहानपणापासून हे हातांना शिकवलेलं. पाणी गाळताना, भाजी निवडताना, रात्री दिवा लावताना हात आपोआप जपून वागतात. पुंजणीने एकेक पांढरा ठिपका ती मातीवर उतरवत होती, आणि हे इतक्या मायेने करतोय याची तिला स्वतःचीच शिसारी आली. तेवढ्यात घडीतला एक थेपला अर्धवट उलगडून पडला. कडेला बोटं दाबल्याच्या खुणा होत्या. तिचीच बोटं. मेथीचे थेपले, पंक्ती म्हणाली होती, मम्मी, आणखी दोन दे, खोलीत अभ्यास करता करता खाईन. तेव्हा स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तिने निमेषला दुकानात फोन करून सांगितलं होतं, मागून घेतलं हं आज तिने. निमेषही खूश झाला होता. इतके महिने जे पोटात गेलं असं समजून ती निर्धास्त झोपत होती ते सगळं इथे होतं. आणि खाणारं कुणीतरी होतंच.

मागच्या पर्युषणात पंक्तीने अठाई केली. आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर, तेही दिवस मावळेपर्यंतच. बारा पुरी व्हायची होती. घरात माणसांचा राबता. तपस्व्याची शाता, म्हणजे सुखरूपता, विचारणं म्हणजे त्याच्या तपाच्या पुण्यात आपलाही वाटा, म्हणून लोक लांबलांबून यायचे, नणंद भाविनीबेन तर रोज यायच्या. सगळे एकच विचारायचे, "शातेत आहेस ना, बेटा?" आणि कोचावर भिंतीला टेकून बसलेली पंक्ती हात जोडून ठरलेलं उत्तर द्यायची, "देव-गुरू पसाय." देव-गुरूंच्या कृपेने. त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. एकेक बाई वाकून तिच्या गालाला हात लावायची आणि म्हणायची, काय तेज चढलंय चेहऱ्यावर. जिगीषाला ते तेज दिसायचं. गालाची हाडं वर आली होती आणि कातडी ताणून चकचकत होती, पण तिलाही तेजच दिसायचं. वरघोड्याच्या मिरवणुकीत बग्गीत बसवायचं म्हणून जरीचा पोशाख शिवून आणला होता, तो कमरेला इतका सैल झाला की शिंप्याला दोष देत तिने मागून पिना टोचल्या. एक पिन टोचताना वाटलं की ही कापडात गेलीच नाही, थेट हाडाशी जाऊन थांबली. पंक्ती हात वर धरून तशीच उभी राहिली. मग बँड आला, पारणं झालं, मुगाचं पाणी चमच्याचमच्याने पाजायला नातेवाईकांची रांग लागली, प्रत्येकाचा चमचा तिच्या ओठांशी, आणि ओठ गिळल्यासारखे हलत होते. संध्याकाळी मोरीत मुगाचं पाणी सांडलेलं दिसलं तेव्हा जिगीषाने नळ सोडून ते वाहवून दिलं. पारण्याला होतं असं पुष्कळांना.

त्यानंतर पंक्तीचं उपवास सोडणं असं झालंच नाही. आज आयंबिल, परवा एकासणं, चौदसेला उपवास. नाव प्रत्येक वेळी निराळं, ताट प्रत्येक वेळी रिकामं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडली तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेलं. घरचे जुने डॉक्टर, निमेषच्या जन्मापासूनचे, त्यांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, लाल टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाले, "पोरींचं असंच असतं या वयात, सिनेमातल्या नट्या बघतात." भाविनीबेनच्या ओळखीची समुपदेशक होती, काचेच्या इमारतीत, तिथे कोपऱ्यात गोट्यांवरून पाणी वाहणारं कारंजं होतं आणि लव्हेंडरचा असा दाट वास की जिगीषाला वाटलं, याच्याखाली काहीतरी मेलेलं असणार. त्या बाईंनी पंक्तीला झाड काढायला लावलं, झाड बघून डोळे मिटले, आणि फार नितळ आत्मा आहे म्हणाल्या. आईने रोज आरशासमोर उभं राहून हसायचं, मुलीची स्पंदनं त्याने बदलतात. जिगीषा खरंच हसली होती आरशासमोर, दातांवर दात ठेवून, आठवडाभर. आणि मग ते प्रौढांचे मनोविकारतज्ज्ञ, ज्यांच्या दवाखान्याला ओळखीचे भेटू नयेत म्हणून मागून एक जिना होता. त्यांनी पंक्तीकडे बघितलंच नाही. कागदावर लिहीत लिहीत विचारलं, झोप लागते का, पाळी येते का, आणि पाळी बंद आहे म्हटल्यावर म्हणाले, "बघा हं, पुढे लग्नाला अडचण नको." बारा वर्षांची पोर समोर बसलेली. झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी जिगीषाने पर्समध्ये कोंबली आणि मागच्या जिन्याने उतरताना वळणावर चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेन वर येताना दिसल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी भिंतीकडे पाहिलं. जिना एवढा अरुंद की साड्या एकमेकींना घासल्या.

त्याच हंसाबेन चार दिवसांनी लिफ्टमध्ये भेटल्या. दार लागल्यावर आकड्यांच्या बटणांकडे बघतच म्हणाल्या, "तिथे नका नेऊ मुलीला. मीपण फसले. नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात मुलांचा विभाग आहे. मन्सूरीबेन. माझा मुलगा जिगर आज आहे तो त्यांच्यामुळे." चौथा मजला आला. उतरता उतरता त्यांनी दार हाताने अडवून धरलं. "वास येईल तिथे. नाक मुठीत धरा, पण जा." ते नाव जिगीषाने घरात सांगितलं तेव्हा बा म्हणाल्या, आपल्यातलं कुणी नाही का? निमेष म्हणाला, पर्युषण होऊन जाऊ दे. आणि जिगीषालाही, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं होतं. त्या नावाच्या बाईचे हात आपल्या मुलीच्या जिभेवर, तोंडात. ते हात सकाळी घरी काय चिरून आले असतील. विचार आला तेव्हा तिने तो झटकला नाही. ओळखीचा होता, घरचाच होता. बटाटा नको, कांदा नको, कुणाच्या हातचं पाणी नको, दिवस मावळल्यावर काही नको. किळस ही किती जुनी आणि स्वच्छ वस्तू होती या घरात, देव्हाऱ्यातल्या चांदीसारखी रोज पुसलेली. पंक्तीने तिला फक्त शेवटपर्यंत नेलं होतं.

संध्याकाळी पंक्ती केस विंचरून घ्यायला पुढ्यात बसली. पिशवीबद्दल जिगीषा काही बोलली नाही. कपाट पुसलेलं बघून पंक्तीही बोलली नाही. मानेवरचे केस वर घेतले तर खाली, पाठीच्या कण्यालगत, बारीक मऊ लव उगवलेली दिसली, तान्ह्या बाळाला असते तशी. जन्मली तेव्हा होती अशी. तेव्हा तेलाने चोळून चोळून घालवली होती. डोक्यावरचे केस मात्र फणीबरोबर नुसते निघून येत होते, आणि जिगीषा ते पंक्तीला दिसू नयेत म्हणून मांडीखाली सारत होती.

"मम्मी, उद्या पच्चक्खाण आहे. सकाळी लवकर उठव."

यंदा तिला मासखमण करायचं होतं. अख्खा महिना उपवास, आणि त्याचा संकल्प उद्या साध्वीजींसमोर घ्यायचा. बांनी चार घरी सांगूनही ठेवलं होतं, भाविनीबेननी बग्गीवाल्याला विचारून ठेवलं होतं. जिगीषाने विचारलं, का करायचंय तुला? मोघम विचारलं, फणीकडे बघत. पंक्ती म्हणाली, "तेव्हा सगळे चांगलं बोलतात. एरवी मी नाही खाल्लं की तू रडतेस. मासखमणात नाही रडणार." मग मान जरा पुढे घेतली. "थोडी लांब बस ना. तुझ्या हातांना तुपाचा वास येतो. मला मळमळतं." जिगीषा मागे सरकली. हात साबणाने धुऊन आली आणि परत विंचरू लागली, हात लांबवून, परक्या माणसाच्या मुलीला विंचरावं तशी.

उपाश्रयात सकाळी गर्दी होती. पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वीजी पाटावर बसल्या होत्या, वयाने लहानच, जिगीषाहून लहान. पंक्तीने वंदन केलं आणि उठताना भिंतीचा आधार घेतला. नखं निळसर होती. बांनी कौतुकाने पुढे होऊन सांगितलं की मुलीचे भाव फार उंच आहेत. साध्वीजींनी पंक्तीकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं, आणि मग विचारलं, अज्ञान वयाची आहे, आई-वडिलांची संमती आहे ना? हा प्रश्न नेहमी विचारतात. त्यालाही ठरलेलं उत्तर असतं. आई हात जोडून होकार देते आणि तिचेही डोळे भरून येतात. जिगीषाने हात जोडले. समोरच्या बाईच्या साडीला चंदनाचा वास येत होता, आणि त्या वासाखालून तिला तो दुसरा, गोड वास आला. ऊबदार.

"नाही," ती म्हणाली.

बांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. जिगीषाने परत म्हटलं, माझी संमती नाही, महाराज साहेब. कुजबूज झाली. बांनी तिचा दंड धरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "अंतराय बांधते आहेस तू. लेकीच्या तपात आडवी येतेस. जन्मोजन्मी फेडावं लागेल." त्या चिडून बोलत नव्हत्या. घाबरल्या होत्या, सुनेसाठी खरोखर घाबरल्या होत्या. तिलाही भीती वाटलीच; हे सगळं तिच्याही रक्तात होतं. फेडीन, तिने मनात म्हटलं. साध्वीजींनी डोळे मिटून उघडले. "आईची संमती नाही, तर मी पच्चक्खाण देत नाही," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पंक्तीला धर्मलाभ देऊन पुढच्या बाईकडे वळल्या. पंक्तीच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं त्याला तिरस्काराखेरीज दुसरा शब्द नव्हता. रिक्षा नदीच्या पुलावर चढेपर्यंत ती आईकडे तशीच बघत होती. नंतर तिला तेवढंही बघवेना, डोकं खांद्यावर कलंडलं.

हंसाबेननी सांगितल्याप्रमाणे वास होताच. फिनेल, ओला कापूस, लघवी, कुणाच्या तरी डब्यातल्या कांद्याची फोडणी. व्हरांड्यात आया मुलांना घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. एक मुलगा भिंतीवर सारखं कपाळ आपटत होता आणि त्याची आई दर वेळी मध्ये तळहात घालत होती, न बघता, न थकता. जिगीषा पदर सावरून उभी राहिली. मग बसली. डॉक्टर मन्सूरी पन्नाशीच्या, घोगऱ्या आवाजाच्या, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी पंक्तीचा हात हातात घेतला तेव्हा जिगीषाने त्या हातांकडे पाहिलं. कोरडे होते, नखं कापलेली होती, अंगठ्याला शाई. नाडी बघायला त्यांना फार वेळ लागला. पंक्तीला वजनकाट्यावर पाठमोरं उभं केलं, आकडा तिला दिसू दिला नाही, छातीला तारा लावून कागद काढला. मग विचारलं, काय खाते? जिगीषाच्या तोंडून आपोआप निघालं की धार्मिक आहे फार, तप चालू असतं, तसं घरात खाते व्यवस्थित.

"बेन, पहिल्या दिवशी इथे सगळेच खोटं बोलतात," डॉक्टर म्हणाल्या. "माझी हरकत नसते. उद्यापासून नको."

मग जिगीषाने पिशवीचं सांगितलं. पंक्तीसमोरच. पंक्तीने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी जिगीषाला थांबवलं आणि खुर्ची ओढून पंक्तीच्या समोर बसल्या, आणि इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं ते तिला विचारलं, की तुला काय म्हणायचंय याला, तुझा शब्द सांग. घाई नाही म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांना घाई नव्हती, बाहेर अख्खा व्हरांडा भरलेला असताना. पंक्तीने बऱ्याच वेळाने तोंड उघडलं. "डोक्यात कुणीतरी बोलत असतं," ती म्हणाली. "तू घाण आहेस म्हणतं. खाल्लं की जोरात बोलतं. आधी उपवासाला गप्प बसायचं. आता तेव्हापण नाही बसत."

हृदय फार सावकाश चाललं होतं. आजच दाखल करायचं, घरी न्यायचं नाही. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. हा आजार आहे, याला तप म्हणू नका आणि नाटकही म्हणू नका. महिने लागतील. बरी होईल आणि पुन्हा घसरेल, पुन्हा वर येईल. निराळा वॉर्ड नाही, नर्सेस कमी, चादरी अशाच. पण रोज मी येईन आणि रोज तिच्याशी बोलेन. दर तीन तासांनी थोडं थोडं खायचं, औषधासारखं, चुकवायचं नाही, वाद घालायचा नाही, रडायचं नाही, संपेपर्यंत आईने समोर बसायचं. आणि बरोबर खायचं. "दिवस मावळल्यावरसुद्धा," डॉक्टर म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "मला माहीत आहे मी काय मागतेय. माझी आजी रोज्यात आजारी पडली तेव्हा आम्हीपण भांडलो होतो." निमेष दुपारी आला, दारातच रुमाल नाकाला लावला, म्हणाला, एवढ्या चांगल्या खाजगी जागा सोडून इथे कशाला, लोक काय म्हणतील. जिगीषा म्हणाली, "नेलं होतं ना तिकडे. कारंजं होतं तिथे." त्याने मुलीकडे पाहिलं, छातीला लावलेल्या तारांकडे पाहिलं, रुमाल खिशात घातला आणि कॉटच्या पायाशी टेकला. नंतर बराच वेळ तो पंक्तीचं पाऊल धरून बसला होता, बूट घालून देताना धरावं तसं.

खिडकीतला उजेड गेला. वॉर्डातले दिवे लागले तेव्हा निमेष बांना आणायला गेलेला होता. त्या येतील की नाही, सांगता येत नव्हतं. नर्सने ताट आणून ठेवलं. स्टीलच्या ताटात मऊ खिचडी, वाटीत दूध, दोन चमचे. खिचडीवर पापुद्रा धरला होता. शेजारच्या कॉटवरचं मूल खोकत होतं. पंक्ती ताटाकडे बघत नव्हती. तिच्या गळ्याची शीर उडत होती. जिगीषाने चमचा भरला. बाहेर काळोख होता. चाळिशीला आली ती, आठवतं तेव्हापासून दिवस मावळल्यावर घास तोंडात घेतला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही. दिव्याभोवती चिलटं फिरत होती. एखादं खिचडीत पडलं असेल, दिसणारसुद्धा नाही. तोंडात लाळ सुटली, ओकण्याआधी सुटते तशी. तर हे असं होतं तिला, जिगीषाला वाटलं. प्रत्येक वेळी. प्रत्येक घासाला. आणि मी म्हणत होते, एवढंसं तर आहे, खा ना. तिने चमचा तोंडात घातला. मीठ कमी होतं. जिभेवर ते पसरलं आणि आत जायला तयार होईना. तिने डोळे मिटले नाहीत. गिळलं.

पंक्ती तिच्या तोंडाकडे बघत होती. "मम्मी, अंधार पडलाय."

"हो."

"कसं लागलं?"

"घाण," जिगीषा म्हणाली.

पंक्तीच्या नाकातून एक बारीक आवाज आला. हसू होतं की काय, कळायच्या आत गेलंही. जिगीषाने दुसरा चमचा तिच्या हातात दिला आणि आपला पुन्हा भरला. काही बोलायचं नव्हतं, वाद घालायचा नव्हता. पण विचारायचं राहिलं होतं. वर्षभर सगळ्यांनी विचारलं होतं, कोचाशी वाकून, गालाला हात लावून, पुण्यात वाटा म्हणून. तिने हात कुठेच लावला नाही. हातांना अजून तुपाचा वास येत असेल.

"शातेत आहेस ना, बेटा?"

"देव-गुरू पसाय," पंक्ती म्हणाली. सवयीने. हातसुद्धा जोडायला निघाले होते, पण एका हातात चमचा होता.

जिगीषा वाट बघत राहिली. शेजारचं मूल खोकून खोकून झोपलं. खिचडी आळत चालली, दुधावर साय धरली. खूप वेळाने पंक्तीने खाली बघत मान हलवली, आधी थोडी, मग जोरात.

"नाही," ती म्हणाली. "नाहीये, मम्मी."

"बरं," जिगीषा म्हणाली, आणि दुसरा घास घेतला, आणि मुलीसमोर तसाच, आवाज न करता, चावत बसली.